कोरफड आणि पाण्याचा विवेक



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा तास फळ्यासमोर सुरू होई आणि बहुधा प्रयोगशाळेमागच्या बागेत संपे. स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास, समाजकारण असे भारदस्त विषय निवडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मी मात्र आज एका साध्या झाडाविषयी बोलणार आहे. ते झाड म्हणजे कोरफड. विषय लहान आहे याची मला जाणीव आहे. तथापि गुरुवर्यांनी आम्हांला लहान वस्तू नीट पाहण्याचेच शिक्षण दिले, त्यामुळे ही निवड त्यांना रुचली असती असा माझा विश्वास आहे.

कोरफडीविषयी दोन समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहेत. एक असा की, या झाडाला काहीच लागत नाही. दुसरा असा की, या झाडाने सर्व काही बरे होते. पहिल्या समजापायी झाडे मरतात आणि दुसऱ्या समजापायी माणसांची फसगत होते. या दोन्ही समजांची तपासणी करणे आणि त्यातून आपल्या घरातील, तसेच या शाळेतील बागेसाठी काही उपयुक्त निष्कर्ष काढणे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक नित्याचे दृश्य पाहू. आपल्या बेळगावात काय किंवा कोल्हापूर-सांगलीकडे काय, अनेक घरांच्या चौकटीवर दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट उपटलेली कोरफड उलटी टांगलेली असते. तिला माती नाही, कोणी पाणी घालीत नाही. तरीही ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. कधी कधी तर तशा अवस्थेतही तिला फुलांचा दांडा येतो आणि तो वळून आकाशाकडे जातो. त्याच घराच्या पायरीवर कुंडीत लावलेली दुसरी कोरफड असते. तिला सुपीक माती दिलेली असते, घरातील मंडळी रोज सकाळी आठवणीने तांब्याभर पाणी घालतात. आणि श्रावण संपण्याच्या आत ती बुडाशी मऊ पडून कोलमडते. ज्या झाडाला काहीच दिले नाही ते जगले आणि ज्याची रोज निगा राखली ते मेले, असा हा विरोधाभास आहे. दैवावर किंवा हातगुणावर हवाला ठेवून तो सुटत नाही. त्याचे उत्तर झाडाच्या शरीररचनेत आहे.

कोरफडीला संस्कृतात कुमारी किंवा घृतकुमारी म्हणतात, हिंदीत ग्वारपाठा आणि आपल्या शेजारच्या कन्नडात लोळेसर. इतकी घरगुती नावे ऐकल्यावर हे झाड मूळचे इथलेच असावे असे वाटते. १७५३ मध्ये लिनियसने या वनस्पतीची शास्त्रीय नोंद केली आणि १७६८ मध्ये बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिला 'अ‍ॅलो व्हेरा' ही स्वतंत्र जात ठरविले. पुढे दीर्घकाळ तिचे मूळ स्थान वादग्रस्तच राहिले, कारण माणसाने तिला इतक्या देशांत नेऊन लावले होते की रानातील मूळ झाड कोणते हे कळेनासे झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात या कुलातील अनेक जातींची तुलना करण्यात आली आणि कोरफडीचे जवळचे आप्त अरबी द्वीपकल्पात आढळतात असे दिसून आले. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनग्रंथातही अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरातून कोरफडीच्या चिकाचा व्यापार होत असल्याची नोंद आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत आम्ही तिला लिलिएसी, म्हणजे लिलीसारख्या कंदवर्गीय फुलझाडांच्या कुलात शिकलो. आता तिची गणना अ‍ॅस्फोडेलेसी या कुलात होते.

या माहितीचा बागेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पाऊस क्वचित, तोही एकदम पडून लगेच ओसरणारा, जमीन खडकाळ, उताराची आणि मुरमाड, हवा कोरडी. अशा प्रदेशासाठी घडलेले हे झाड आहे. आपल्या बेळगाव शहरात वर्षाला सुमारे ५० इंच पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पश्चिमेस खानापूरकडे गेल्यास तो आणखी वाढतो. पूर्वेस गोकाक-अथणीकडे गेल्यास निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून अथणीच्या माळावर बांधाला लावून विसरून गेलेली कोरफड फोफावते आणि आपल्या परसातील कोरफड आषाढात कुजते. बेळगावात कोरफडीची खरी कसोटी उन्हाळ्यात लागत नाही; ती पावसाळ्यात लागते.

आता हे झाड पाण्याचा संसार कसा चालविते ते पाहू. कोरफडीचे पान आडवे कापले की तीन भाग दिसतात. बाहेर मेणचट थर असलेली जाड हिरवी साल. तिच्या लगत आतून पिवळसर, कडू चीक वाहणाऱ्या नलिका. आणि मध्यभागी पारदर्शक, बुळबुळीत गर. या गरात शेकडा ९८ भागांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अल्प घन भागात जी बहुशर्करा द्रव्ये असतात, ती या पाण्याला चिकटपणा देतात आणि सहज सुकू देत नाहीत. पान ही झाडाची पाण्याची टाकी आहे. टंचाईत झाड ही टाकी हळूहळू रिकामी करते. पाने पातळ होतात आणि लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी मुडपतात. पाणी मिळताच ती पुन्हा भरतात.

टाकी कितीही मोठी असली तरी तिला गळती असेल तर ती टिकणार नाही. सामान्य झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात आणि त्याच रंध्रांतून त्यांचे पाणी वाफ होऊन निसटते. कोरफडीने हा व्यवहार रात्रीवर टाकला आहे. हवा गार आणि त्यातल्या त्यात दमट असते तेव्हा ती रंध्रे उघडते, कर्बवायू आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवून ठेवते. सूर्योदयानंतर रंध्रे मिटतात आणि बंद दाराआड, साठविलेल्या आम्लातून कर्बवायू मोकळा करून प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार होते. अतिशय कोरड्या काळात या पद्धतीची झाडे रात्रीही रंध्रे मिटून घेतात आणि स्वतःच्याच श्वसनातून निर्माण झालेला कर्बवायू पुन्हा वापरतात. अशा वेळी वाढ जवळजवळ थांबते, पण जीव राहतो. चौकटीवर टांगलेल्या कोरफडीचे रहस्य ते हेच. ती वाढत नाही. ती बाहेरची पाने एकेक करून खर्ची घालीत मधला कोंब राखते.

या शोधाचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. मद्रासकडे कंपनी सरकारच्या सेवेत राहिलेले बेंजामिन हाइन या नावाचे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी ते बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांच्या ध्यानात आले. हे निरीक्षण त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळविले आणि ते १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरणे नव्हती; जीभ आणि जिज्ञासा एवढेच भांडवल होते. आज आपल्या विद्यार्थ्यांनी पाने चाखण्याची गरज नाही आणि चाखूही नयेत. पानफुटीचे एक पान सूर्योदयाच्या सुमारास आणि दुसरे संध्याकाळी तोडून, थोड्या पाण्यात कुस्करून, त्यात पीएच पट्टी बुडवावी. दोन वेळचा फरक डोळ्यांना दिसेल. आठवीच्या वर्गाला सहज करता येईल असा हा प्रयोग आहे.

या काटकसरीची किंमत मात्र झाडाला मोजावी लागते. रात्री थोडेसे कमवायचे आणि दिवसा दार लावून खायचे, या पद्धतीत वाढ मंद होते. म्हणून कोरफड इतर झाडांच्या गतीने पाणी ओढू शकत नाही. तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीतील पाणी एका दिवसात संपते. तेवढेच पाणी कोरफडीच्या कुंडीत आठवडाभर तसेच राहते. येथेच आपल्या कोड्याचे उत्तर आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि तीतील प्राणवायूवर मुळे जगतात. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा प्रवास हवेच्या तुलनेने सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. मुळे गुदमरतात, मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी व जिवाणू आपला अंमल बसवितात. वरची पाने त्यांच्यातील साठ्यावर काही दिवस टवटवीत दिसत राहतात. आपल्याला रोग कळतो तेव्हा खाली मूळ उरलेले नसते. आणखी दुर्दैव असे की, मुळे गेलेल्या झाडाची पानेही मलूल दिसतात. ती तहानेने मलूल झाली आहेत असे समजून आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून कुंडीत कोरफड लावताना पहिला विचार पाण्याच्या निचऱ्याचा करावा. कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची, बिनरंगाची असावी, कारण तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडते. प्लॅस्टिकची कुंडी वापरण्यास हरकत नाही, मात्र मग पाणी आणखी अंतराने द्यावे. आठ ते दहा इंच व्यासाची कुंडी एका झाडाला दोन वर्षे पुरते. छोट्या झाडाला मोठी कुंडी देण्याचा मोह टाळावा. जी माती मुळांनी व्यापलेली नाही ती ओली राहून कुजते. तळाला अंगठा जाईल एवढे भोक हवे, आणि कुंडीखाली पाणी साठविणारी थाळी नको. दोन विटांवर कुंडी ठेवावी म्हणजे भोक मोकळे राहते.

येथे एका जुन्या पद्धतीविषयी बोलणे अवश्य आहे. कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खापऱ्यांचा किंवा खडीचा थर द्यावा, म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. बारीक मातीतील पाणी तिच्या सूक्ष्म पोकळ्यांत धरून ठेवलेले असते. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. परिणामी ओलीचिंब पातळी तळापासून उचलली जाऊन खापऱ्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येते. याची प्रचीती घरी घेता येते. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज न पिळता उभा धरावा. खालच्या कडेतून पुन्हा पाणी गळू लागेल. तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडकून राहते आणि आडव्या स्पंजात त्या उंचीत अधिक भाग सामावतो. कुंडीतही हेच होते. यास्तव भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती एक खापरी ठेवावी आणि सुधारणा करायची ती संपूर्ण मातीत करावी.

मातीचे मिश्रण असे करावे: एक भाग चाळलेली बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. वाळू मिळणे कठीण आणि महाग झाले आहे. तेव्हा विटांच्या तुकड्यांचे प्रमाण दुप्पट केले तरी चालते. पूर्व भागातील काळी माती असेल तर ती अर्धीच घ्यावी, कारण ती पाणी घट्ट धरते आणि वाळल्यावर भेगाळून मुळे तोडते. पश्चिमेकडील तांबडी माती या कामी अधिक सोयीची. नारळाच्या काथ्याचा भुसा हल्ली सर्वत्र वापरला जातो, पण तो ओल धरून ठेवतो. कोरफडीला त्याची गरज नाही. मिश्रण योग्य झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतावे. ते वर न साचता झटकन मुरले आणि मिनिटा-दोन मिनिटांत खालून वाहू लागले तर मिश्रण जमले.

आता पाणी देण्याविषयी. रोज थोडे थोडे देणे ही सर्वांत वाईट पद्धत होय. वरचा थर सतत ओला राहतो, खालची मुळे कोरडी राहतात आणि दोन्हींकडून नुकसान होते. द्यायचे तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यावे, आणि मग माती वाळेपर्यंत हात आवरावा. माती वाळली की नाही हे बोट दोन पेरे खुपसून कळते. किंवा कुंडी किंचित उचलून तिच्या वजनावरून कळते. थोड्या सरावानंतर वजनाचा अंदाज अचूक येतो. आपल्या हवामानात मार्च ते मे या काळात साधारणतः सात ते दहा दिवसांनी, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पंधरा ते वीस दिवसांनी पाणी पुरते. वळवाची सर येऊन गेली की पुढची पाळी सोडावी. जून ते सप्टेंबर या काळात कुंडी पडवीत किंवा सज्जाच्या आडोशाला, पण भरपूर उजेडात न्यावी आणि महिन्यातून एकदा, तेही माती कोरडी असेल तरच, पाणी द्यावे. पागोळीखाली कुंडी कधीही ठेवू नये. पानांची रचना नरसाळ्यासारखी असल्याने वरचे पाणी मधल्या कोंबाशी उतरते आणि तेथूनच कुजण्यास प्रारंभ होतो.

ऊन तिला हवेच. परंतु सावलीत वाढलेले झाड एप्रिलच्या उन्हात एकाएकी नेऊन ठेवले तर पाने तांबूस होतात व करपतात. दोन आठवड्यांत क्रमाक्रमाने ऊन वाढवीत न्यावे. सकाळचे ऊन मिळणारा पूर्वेचा सज्जा सर्वांत उत्तम. तांबूस झालेले पान हे मृत्यूचे चिन्ह मानू नये. ऊन कमी होऊन पाणी मिळाले की रंग परत येतो. पाने फिकट, लांबट होऊन आडवी पसरू लागली तर उजेड कमी पडतो आहे. पाने मुडपली तर तहान आहे. पाने बुडाशी पिवळी, मऊ आणि पारदर्शक झाली तर पाणी अति झाले आहे. अशा वेळी झाड उपटून, कुजका भाग स्वच्छ सुरीने निरोगी पेशी दिसेपर्यंत कापून, चार-पाच दिवस सावलीत वाळवावे आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे. पुष्कळदा झाड वाचते.

जमिनीत लावायची असल्यास आठ-दहा इंच उंचीचा वाफा किंवा बांध करून त्याच्या माथ्यावर, दोन-दोन फुटांच्या अंतराने लावावी. भिंतीच्या कडेला, छपराचे पाणी न पडणारी जागा चांगली. वाढ झालेल्या झाडाच्या बुडाशी फुटवे येतात. आपल्याकडे त्यांना पिल्ले म्हणतात. चार-पाच पाने झालेले, स्वतःची मुळे फुटलेले पिल्लू हलकेच वेगळे करावे, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकू द्यावी आणि मग लावावे. लावल्यावर लगेच पाणी देऊ नये. चार-पाच दिवसांनी द्यावे. पावसाळा संपल्यावरचा किंवा फेब्रुवारी-मार्चचा काळ यासाठी योग्य. नुसते पान मातीत खोचून कोरफड होत नाही, ते कुजते. पिवळ्या, नळीसारख्या फुलांचा दांडा येतो तेव्हा मध चाखण्यासाठी शिंजीर पक्षी येतात, परंतु बी क्वचितच धरते. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तो पुसून काढावा. एवढी देखभाल पुरेशी आहे.

येथवर पहिल्या समजाचा विचार झाला. आता दुसऱ्याकडे वळतो. कोरफडीचा औषधी उपयोग आपल्याकडे जुना आहे. कुमारी आसव वैद्यांच्या नित्य वापरात आहे आणि पिवळा चीक आटवून केलेला काळा बोळ आजीबाईंच्या बटव्यात असे. पण या झाडात दोन अगदी भिन्न द्रव्ये आहेत हे विसरता कामा नये. मधला पारदर्शक गर हा सौम्य. किरकोळ भाजल्यावर, आधी भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरून, मग तो लावण्यास हरकत नाही. खोल किंवा मोठ्या भाजण्यावर मात्र डॉक्टरच हवा. सालीलगतचा पिवळा चीक हा तीव्र रेचक आहे. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब होऊन शरीरातील क्षार कमी होतात; गर्भवती स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यापासून दूरच राहावे. कुत्र्या-मांजरांनाही तो बाधतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००२ मध्ये या चिकाची रेचके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची मान्यता काढून घेतली, कारण उत्पादकांनी सुरक्षिततेची पुरेशी माहिती सादर केली नव्हती. चिकासह संपूर्ण पानाच्या अर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'कर्करोगास कारण होण्याची शक्यता असलेल्या' पदार्थांच्या गटात घातले. तो अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून पान तोडल्यावर ते तिरपे उभे ठेवून पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा, पान धुवावे आणि मगच गर काढावा. वैद्याच्या सल्ल्याविना रोज सकाळी पेलाभर रस पिण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला चिंताजनक वाटतो.

'सर्व काही बरे करणारे झाड' या कीर्तीचा आणखी एक परिणाम झाला. २००० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आणि औषधी पिकांविषयी देशभर उत्सुकता वाढली. ती योग्यच होती. पण तिचा फायदा घेऊन रोपे विकणारेही पुढे आले. कोरडवाहू शेतकऱ्याला सांगण्यात आले की, पाणी नको, खत नको, रोपे आमच्याकडून घ्या, पाने आम्हीच विकत घेऊ. रोपांचे पैसे आधी घेतले गेले. पाने तयार झाली तेव्हा अनेक ठिकाणी घेणारा आलाच नाही. यामागचे कारण आपण वर पाहिलेल्या शरीररचनेतच आहे. पान म्हणजे बहुतांशी पाणी. ते जड असते, तोडल्यावर त्याचा गर लवकर बिघडतो आणि दूर वाहून नेणे परवडत नाही. जवळ प्रक्रिया केंद्र नसेल तर शेतकऱ्याच्या हाती सौदा करण्याचे काहीच बळ उरत नाही. राजस्थानातील पिपलांत्री गावाने झाडांभोवती कोरफड लावली आणि गावातच तिच्यापासून वस्तू तयार केल्या. तेथे हे पीक गावाच्या उपयोगी पडले. कोरडवाहू शेतकऱ्याने रोपे घेण्यापूर्वी, पाने कोण घेणार, किती अंतरावर घेणार आणि लेखी देणार का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. या शाळेतून शिकून गेलेल्या, बँकांत, सहकारी संस्थांत, शासकीय सेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या शेतकऱ्यांना एवढी मदत केली तरी ती मोठी ठरेल.

शेवटी शाळेच्या बागेविषयी. दरवर्षी एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, शाळा बंद होते आणि जूनमध्ये मुले परत येतात तेव्हा निम्म्या कुंड्यांत वाळलेल्या काटक्या असतात. दरवर्षी नवी रोपे आणली जातात. हे चित्र या एकाच शाळेचे नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात आपल्या शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. आपण त्या मानाने सुखी आहोत, पण जूनचा पाऊस लांबला की राकसकोपच्या पातळीची काळजी आपल्यालाही लागते. अशा दिवसांत फुलझाडांच्या कुंडीला रोज अर्धा लिटर पाणी धरले तर साठ दिवसांत तीस लिटर होते. कोरफडीच्या कुंडीला दहा दिवसांनी एक लिटर धरले तर सहा लिटर. पन्नास कुंड्यांचा हिशेब केल्यास एका बाजूला दीड हजार आणि दुसऱ्या बाजूला तीनशे लिटर.

तरीही सगळी बाग कोरफडीची करावी असे मी सुचविणार नाही. कोरफड सावली देत नाही. मुलांना खेळताना कडुलिंबाची, आंब्याची सावली हवीच. माझी सूचना अशी की, झाडांची मांडणी त्यांच्या तहानेप्रमाणे करावी. रोज पाणी लागणारी थोडी झाडे एकत्र, नळाजवळ ठेवावी. आठवड्याने लागणारी दुसरीकडे. कोरफड, पानफुटी यांसारखी विसरली तरी चालणारी तिसरीकडे, पावसाळ्यात आडोसा मिळेल अशा जागी. आज पाण्याची झारी घेऊन मुले सर्वांना सारखे पाणी घालतात, आणि त्या समतेत एक झाड तहानेने, तर दुसरे पाण्याने मरते.

याच्या जोडीला एक प्रयोग सुचवितो. एकाच वयाची सहा पिल्ले सहा सारख्या कुंड्यांत लावावी. तीन कुंड्यांना रोज ठरावीक पाणी द्यावे, तीनांना माती वाळल्यावरच. दर शनिवारी प्रत्येक कुंडीचे वजन, पानांची संख्या आणि पाऊस वहीत नोंदवावा. वर्षअखेर त्या वहीत जे लिहिलेले असेल, ते माझ्या या व्याख्यानापेक्षा अधिक विश्वसनीय असेल. माझ्या विधानांपैकी एखादे आपल्या बागेत खोटे ठरले, तर विद्यार्थ्यांनी ते निःसंकोच नोंदवावे. गुरुवर्यांना त्यात अधिक आनंद वाटला असता.

ते म्हणत की, झाडाला काय द्यायचे हे आपल्या मायेवर ठरवू नका, झाडाकडे बघून ठरवा. इतक्या वर्षांनंतर मला त्यांच्या त्या एका वाक्याला फारसे काही जोडता आलेले नाही.  गुरुवर्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण संपवितो.